चेलोमागचा निवेदक

याद्वारे प्रमाणित करण्यात येते की, श्री. हर्षवर्धन दत्ताराम वालावलकर, राहणार तुळिंज, नालासोपारा पूर्व, मूळ गाव तालुका कुडाळ, हे गेली अनेक वर्षे आमच्या पाहण्यात असून माईकसमोरील त्यांची वर्तणूक चांगली आहे. माईक नसतानाच्या वर्तणुकीबाबत नोंद उपलब्ध नाही. व्यवसाय : सातिवली येथील पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर्सप्रमुख. खरा व्यवसाय : निवेदन. ओळखीची खूण : मोतिया रंगाचा बंद गळ्याचा कोट, उन्हाळ्यातही. कौटुंबिक स्थिती : विवाहित. सदरहू व्यक्तीस एक पत्नी असून तिचे नाव सौ. स्वप्ना असे आहे व ती, सदरहू व्यक्तीच्या म्हणण्यानुसार, समाधानी आहे. हे प्रमाणपत्र मागणीवरून देण्यात येत आहे. मागणी कोणी केली हे नमूद करण्याची पद्धत नाही.

आता माणसाबद्दल.

विरारपासून वसईपर्यंत कुठल्याही मैदानात मांडव पडला आणि त्यात शंभर खुर्च्या लागल्या की एका कडेला वालावलकर उभे असतात. पतपेढीचा वर्धापनदिन, साईभंडारा, शाळेचं गॅदरिंग, कोणाची तरी एकसष्टी. निवेदकाचं काम लोकांना वाटतं तसं बोलण्याचं नसतं. दोन गोष्टींच्या मध्ये जी रिकामी जागा राहते ती भरायची, एवढंच ते काम. पाहुणे वाटेत आहेत, समई पेटत नाही, गायिकेचा घसा बसलाय, नवरीचा दागिना हरवलाय, अशा प्रत्येक खड्ड्यात वालावलकरांनी आपल्या आवाजाची भर घातलेली आहे. एकदा तुळिंजच्या गणपतीत वीज गेली, तेव्हा अंधारात, माईकशिवाय, वीज परत येईपर्यंत ते वीज या विषयावर बोलले. शांतता पडली तर ती आयोजकांची फजिती, असं आपल्याकडे धरलं जातं. ते खरंही आहे.

अडचण एवढीच, की रिकामी जागा दिसली की भरायची ही सवय कोटाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. घरी स्वप्नाने श्वास घ्यायला वाक्य थांबवलं की पुढचं वालावलकर बोलत. पंचवीस वर्षं त्या बाईने अर्धीच वाक्यं बोलली असतील. उरलेली अर्धी तिला तयार मिळत, आणि तिच्या मनातल्यापेक्षा जास्त अलंकारिक.

स्वप्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या आठवड्यात तिला केंद्रप्रमुखाची बढती आली होती. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख. जागा जव्हारला. तुळिंजहून रोज जव्हारला जाऊन येणं कोणाला जमणारं नाही, तिथे खोली घेऊनच राहावं लागणार. नको असेल तर नकार द्यायची सोय होती. मग नाव पुढच्या माणसाकडे जातं आणि परत कधी येईल ते कोणी सांगत नाही.

"अहो, ते जव्हारचं..."

"जव्हार! संस्थानी गाव. काय तो राजवाडा, काय ती हवा. पालघर जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात..."

"मी नव्हते म्हणत. मला तिथे जाऊ की नको ते बोलायचंय."

"बोलू ना. निवांत बोलू. एवढा टिफनीचा कार्यक्रम होऊ दे."

असं रोज एकदा. वालावलकरांना ती जायला नको होती. पण "नको जाऊस" हे वाक्य दोन शब्दांचं आहे, आणि दोन शब्दांच्या वाक्यात प्रस्तावनेला जागा नसते. ते रोज त्याची प्रस्तावना करत आणि प्रस्तावनेतच झोपेची वेळ होई.

टिफनी डाबरे वसईकडच्या वटार गावची. केळीच्या वाड्यांमध्ये वाढलेली, चर्चच्या गायनवृंदात आधी व्हायोलिन, मग तिच्या उंचीला शोभेल असं चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो खांद्यावर बसत नाही, गुडघ्यांत धरावा लागतो. पुढे ती युरोपात शिकली, आणि आता मुंबईचा एक मोठा वाद्यवृंद घेऊन आपल्या गावच्या लोकांसमोर वाजवायला येणार होती. पॅरिशच्या शाळेचा हॉल ठरला. हे सगळं घडवून आणलं मार्था टीचरनी, ज्यांनी टिफनीच्या हातात पहिल्यांदा व्हायोलिन दिलं होतं आणि ज्यांच्यासमोर निवृत्तीनंतरही लोक खिशातून हात काढून उभे राहतात.

निवेदक ही मात्र त्यांची कल्पना नव्हती. मागचा भलामोठा फलक आणि खुर्च्या दिल्या होत्या पतपेढीचे अध्यक्ष शत्रुघ्नशेठ यांनी. त्यांनी एकच विचारलं होतं, "निवेदन कोन करतोय?" कोणी नाही म्हटल्यावर ते काळजीत पडले. "टीचर, लोकांना कलनार कसं, कुठे काय चाललंय ते?" आणि त्यांनी वालावलकरांना फोन केला.

मार्था टीचरनी वालावलकरांना हॉलच्या पायरीवरच गाठलं.

"मिस्टर वालावलकर, तुम्ही सुरुवातीला बोला. मध्यंतरानंतर परत बोला. बाकी वेळ विंगेत बसा."

"बसतो ना, टीचर."

"आणि बघा, पहिलं जे वाजवणार त्याचे तीन भाग आहेत. मधे थांबतील ते. थांबले म्हणजे संपलं नाही."

"लक्षात आलं."

लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण प्रत्येक आयोजक सुरुवातीला हेच सांगतो, जास्त बोलू नका, आणि तबल्याची वादी तुटली की याच आयोजकाचे डोळे निवेदकाला शोधत फिरतात, हेही वालावलकरांच्या लक्षात होतं. शिवाय छापील पत्रिकेत एक, दोन, तीन असे आकडे होते. आकडा आहे तिथे निवेदन आहे, असा त्यांचा अनुभव. त्यांनी तिन्ही भागांची ओळख तयार ठेवली होती. दुसऱ्या भागाच्या ओळखीत संध्याकाळचा समुद्र होता.

त्याच दिवशी दुपारी स्वप्नाला ऑफिसातून फोन आला. उद्या आदेश निघणार, हो की नाही ते आज साडेसातपर्यंत कळवा. ती फिकट निळी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन हॉलच्या तिसऱ्या रांगेत कडेपासून दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि नवरा दिसल्यावर तिने त्याला हातानेच बोलावलं.

"मध्यंतर साडेसातच्या आधी आहे ना?"

"आहे की. सात-सव्वासातला."

"मग तेव्हा बोलू. मला आज कळवायचंय."

"अगं, मध्यंतर माझ्याच हातात असतं. मी म्हटल्याशिवाय होतच नाही."

हे त्यांनी हसून सांगितलं. तीस वर्षांच्या कारकिर्दीत ते खोटं ठरलेलं नव्हतं.

सुरुवातीचं निवेदन चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मग ते विंगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, हातात बिनतारी माईक.

जे वाजलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं होतं. त्या काळातल्या संगीतकारांकडे वाद्यं पुष्कळ होती, भावना त्याहून पुष्कळ होत्या, आणि कुठली टाकून द्यावी हे त्यांना ठरवता येत नसे. आधी सगळा वाद्यवृंद एकदम बोलला, मग हळूहळू मागे सरला, आणि टिफनीच्या चेलोने सुरुवात केली. चेलोचा आवाज पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीतला असतो. शेजारच्या खोलीत कोणीतरी दार लावून, न थांबता, स्वतःची बाजू मांडतंय असं वाटतं. शब्द कळत नाहीत, बाजू कळते.

पहिला भाग संपला तो मोठ्या धमाक्यात. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण धमाका झाला की टाळी वाजवायची असते. टिफनी किंचित हसली. वाद्यवृंदाचा संचालक वळला नाही. टाळ्या विरल्या. आणि मग काहीच झालं नाही.

लोक खोकले. खुर्च्या करकरल्या. पहिल्या रांगेतून शत्रुघ्नशेठ पुष्पगुच्छ घेऊन अर्धे उठले, आजूबाजूला कोणी उठत नाही हे पाहून तिथेच अर्धे राहिले, आणि विंगेकडे वळून त्यांनी भुवया उंचावल्या. बोला की, असा त्याचा अर्थ. माणूस खुर्ची आणि आकाश यांच्या मध्ये लटकलेला होता. त्याला असं टाकणं वालावलकरांच्या धर्मात बसत नव्हतं. ते उठले.

शाळेचा रंगमंच आणि मुंबईचा वाद्यवृंद यांची मापं जुळत नव्हती. विंगेतून पुढे यायला एकच वाट होती, भिंत आणि डबल बास वाजवणारे यांच्यामधली. डबल बास म्हणजे चेलोचाही थोरला भाऊ, माणसापेक्षा उंच. वालावलकर पोट आत घेऊन त्या बोळात शिरले. अर्ध्यावर आले. तेवढ्यात शेवटच्या बासवाल्याने हात मोकळा करायला आपलं स्टूल मागे सरकवलं आणि विंगेकडची वाट बंद झाली. पुढे बासची मान, डावीकडे भिंत. त्यांनी माईक तोंडाजवळ आणला आणि संध्याकाळच्या समुद्रासाठी श्वास घेतला.

संचालकाने हात उचलले. दुसरा भाग सुरू झाला.

तो इतका हळू सुरू झाला की आधी कळलंच नाही. वालावलकरांनी एक पाऊल मागे घेतलं. पायाखालची फळी कुरकुरली. ती कुरकुर चेलोच्या वरच्या स्वरापर्यंत गेली. संचालकाने न वळता नुसते खांदे आवळले. समोरच्या विंगेत मार्था टीचर उभ्या होत्या. त्यांनी तळहात खाली दाबला. ही खूण गायनवृंदातल्या मुलांना माहीत आहे, आणि तिचा अर्थ आहे, हलशील तर बघ.

वालावलकर हलले नाहीत.

आता माईक. तो चालू आहे की बंद, हे आठवेना. चालू असला तर श्वाससुद्धा लाऊडस्पीकरवर जाणार. बंद करायचा तर बटण टक्कन वाजणार. शेवटी त्यांनी हात लांब करून तो अंगापासून दूर धरला, चिमटा न सापडल्यावर गरम पातेलं धरतात तसा. सगळ्या हॉलला तो दिसत होता. कोटाचा मोतिया रंग दिव्यात चमकत होता.

वटारच्या पुतळाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. टिफनी लहान असताना त्यांच्या ओटीवर खेळलेली. वय झाल्यामुळे त्या कुजबुजतात ते मागच्या दाराशी ऐकू जातं.

"तो कोन उभा हाय?"

"शू, आजी."

"वाजवीत तर काय नाय. राखनदार हाय काय?"

"आजी, गप."

"मी गपच हाय. त्याला बसवा कोनीतरी. पोरीचं लक्ष जाईल."

टिफनीचं लक्ष गेलं नाही. ती डोळे मिटून वाजवत होती. तो भाग दुःखाचा होता, पण ओरडून सांगायच्या दुःखाचा नव्हता. एकदा सांगून झालं होतं, कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून ते पुन्हा, आधीपेक्षा सावकाश सांगितलं जात होतं. मध्येच सगळा वाद्यवृंद अंगावर आला, समजूत घातल्यासारखा मोठ्याने बोलला, आणि चेलो थांबला. ते बोलून दमले. मग चेलोने पुन्हा जिथे सोडलं होतं तिथून सुरू केलं.

वालावलकरांनी आयुष्यात शेकडो कार्यक्रम केले आणि एकही ऐकला नव्हता. गाणं चालू असताना निवेदक पुढच्या गाण्याचं टिपण वाचतो. इथे टिपण खिशात होतं आणि खिशाकडे हात नेणं शक्य नव्हतं. बघायलाही दोनच गोष्टी होत्या, बासवाल्याचं टक्कल आणि तिसऱ्या रांगेतली बायको.

स्वप्ना त्यांच्याकडेच बघत होती. आधी ती हसली होती, सगळेच हसले होते. मग तिचं हसू गेलं. मांडीवरच्या पर्समधून तिने मोबाईल काढला, वेळ बघितली, आणि पडद्याचा उजेड हाताने झाकून परत नवऱ्याकडे बघितलं. वालावलकरांना भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. सव्वासात होऊन गेले होते. पत्रिकेतला दोनचा आकडा अजून चालू होता आणि तीन बाकी होता.

दोन संपला की आपण निघू, असं त्यांनी ठरवलं. खाली उतरून सरळ तिच्यापाशी जाऊ, प्रस्तावना न करता. दोन शब्द तर आहेत. स्वर बारीक होत होत एका धाग्यावर आले. वालावलकरांनी टाच उचलली. आणि धागा तुटायच्या आत बास गुरगुरले, तिसरा भाग दुसऱ्याच्या शेपटीतूनच सुरू झाला. मध्ये जागाच ठेवली नव्हती. कोणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, दूर कुठल्या तरी थंड गावात बसून, निवेदकाला वाट मिळू नये अशी व्यवस्था करून ठेवली होती.

तिसरा भाग मोठ्या आवाजाचा होता. त्यात फळी कुरकुरली असती तर कोणाला कळलं नसतं. पण बासवाल्याचा हात आता सुताराच्या करवतीसारखा चालत होता आणि त्याचं कोपर वालावलकरांच्या दुसऱ्या बटणापाशी येऊन परत जात होतं. त्यांनी भिंतीला पाठ लावली. भिंत ओली होती. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. दार होतं, दाराला पडदा होता, पडद्यापलीकडे आवार होतं. तिथपर्यंत जाणारे सगळे पाय इतरांचे होते.

स्वप्नाने पुन्हा मोबाईल बघितला. मग तो मांडीवर पालथा ठेवला आणि नवऱ्याकडे पाहू लागली. असं तिने पूर्वी पाहिल्याचं वालावलकरांना आठवत नव्हतं. खरं तर पाहिलं असेल, पण त्या वेळी ते बोलत असल्यामुळे त्यांना दिसलं नसेल. तिचे ओठ एकदा-दोनदा हलले. पुष्कळ वेळ ती तशी बसून होती. मग तिने पर्स बंद केली, पदर सारखा केला, शेजारणीच्या खांद्याला हात लावून वाट मागितली आणि उठली.

वालावलकरांच्या हातात माईक होता. तो तोंडाशी आणून दोन शब्द बोलले असते तर हॉलमधल्या प्रत्येक माणसाने ते ऐकले असते, आवारातल्या चहावाल्यानेसुद्धा. त्यांचा हात कोपरात वाकला. मार्था टीचरचा तळहात समोर होता. टिफनी डोळे मिटून वाजवत होती, कपाळावर घाम, गावातल्या लोकांपुढे पहिल्यांदा. हात परत सरळ झाला.

पडदा हलला आणि स्वप्ना बाहेर गेली.

त्यानंतर ते संगीत संपायला लागलं. ते बराच वेळ संपत होतं. एकदा सगळे थांबल्यासारखे झाले, शत्रुघ्नशेठ पुष्पगुच्छासह अर्धे उठले, तोच चेलोला आणखी काही आठवलं. शेठ बसले. परत आवाज उतरत गेले, परत शेठ उठले, परत काहीतरी राहिलं होतं. "काय आवरत नाय याचं," पुतळाबाई म्हणाल्या, पण या वेळी त्या खरोखरच कुजबुजल्या. शेवटी चेलोने एक लांबलचक स्वर धरला, तो सोडवत नव्हता असा सोडला, आणि सगळा वाद्यवृंद एकदम कोसळला.

हॉल उभा राहिला. पुतळाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. शत्रुघ्नशेठनी गुच्छ एकदाचा देऊन टाकला. बासवाल्याने स्टूल पुढे ओढलं, मागे वळून पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "आप इधर कब से हैं?"

वालावलकर पुढे आले आणि माईकमध्ये म्हणाले, "आता घेऊ या एक छोटंसं मध्यंतर." माईक बंद होता. ते त्या बोळात शिरले तेव्हापासून बंदच होता. लोक आपापले बाहेर पडत होतेच.

आवारात कटलेट-पावाच्या टेबलापाशी गर्दी होती. स्वप्ना तुळशीवृंदावनाएवढ्या चौथऱ्यावरच्या क्रुसाजवळ, जरा बाजूला, कागदी कप घेऊन उभी होती. तिने दुसरा कप त्यांच्या हातात दिला.

"फोन केलास?"

"केला."

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

वालावलकरांनी चहा घेतला. तो गोड होता.

"आपलं मध्यंतरात बोलायचं ठरलं होतं," ते म्हणाले.

"बोलले की. आत बसून सगळं बोलले तुमच्याशी. खोलीचं, येण्याजाण्याचं, तुमच्या डब्याचं. मला का जायचंय तेसुद्धा." तिने कप चुरगाळला. "तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत."

"मला ऐकू नाही आलं, स्वप्ना."

"ते नेहमीचंच आहे."

हे ती रागाने म्हणाली असती तर वालावलकरांकडे उत्तर होतं. ती सहज म्हणाली, भाजी निवडताना म्हणावं तसं. त्यांनी तोंड उघडलं. दोन शब्द तिथेच होते, जिभेवर, आता त्यांचा उपयोग नव्हता इतकंच. पुढे कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. शाळेची घंटा वाजवून मार्था टीचरनी सगळ्यांना आत बोलावलं.

मध्यंतरानंतर ठरल्याप्रमाणे वालावलकरांनी निवेदन केलं. लोक म्हणतात, नेहमीपेक्षा आटोपशीर झालं. मग ते विंगेत न जाता खाली उतरले आणि तिसऱ्या रांगेत, शेजारणीने दिलेल्या खुर्चीवर, बायकोच्या बाजूला बसले. पुढची सिंफनी चार भागांची होती. तीन वेळा रिकामी जागा पडली. तिन्ही वेळा शत्रुघ्नशेठनी मागे वळून पाहिलं आणि तिन्ही वेळा वालावलकर समोर बघत राहिले. हात मांडीवर होते. स्वप्नाचा हात तिच्या पर्सवर होता.

पुढच्या रविवारी पतपेढीच्या सभागृहात श्री. हर्षवर्धन दत्ताराम वालावलकर यांचा शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह देऊन सत्कार करण्यात आला. सन्मानपत्रात असे नमूद आहे की, सदरहू कार्यक्रमात त्यांनी प्रमुख वादनाच्या काळात प्रत्यक्ष रंगमंचावर उपस्थित राहून कलाकारांचे मनोबल वाढवले, प्रेक्षकांमध्ये शिस्त राखली, तसेच निवेदन कलेस एक नवे परिमाण दिले, सबब संस्था त्यांची ऋणी आहे व त्यांना सहकुटुंब सुखी दीर्घायुष्य चिंतिते.

स्वप्ना जव्हारला राहते.